वाचनमावशींची कवळी

आमच्या कामाच्या खोलीत खिडकीशेजारी एक फळी आहे. परत आलेल्या कवळ्या तिथे ठेवतात. कुणाला टोचते, कुणाची बोलताना खाली पडते, कुणाला आरशात स्वतःचंच तोंड ओळखू येत नाही. अशी प्रत्येक कवळी डबीत बसून दवाखान्यातून परत येते आणि त्या फळीवर चढते. मालक तिला ‘माहेरवाशीण’ म्हणतात. सकाळी आल्या आल्या ते आधी फळीकडे बघतात आणि विचारतात, “काय, आज कोण आलंय माहेरी?”

मी या खोलीत एकोणीस वर्षं दात लावते आहे, आणि एवढ्या वर्षांत माझी एकही कवळी माहेरी आली नव्हती. हे मी कुणी विचारलं तर सांगायचे, आणि नाही विचारलं तरी सांगायचे.

आम्ही इथे तिघंच. मालक, मी आणि पॉलिशवाला. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून साचा करते, साच्यावर मेण बसवते आणि मेणात एकेक दात लावते. मग मालक कवळी शिजवतात, म्हणजे मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक पक्कं करतात. शेवटी पॉलिशवाला ती चाकावर घासून चकचकीत करतो. त्याचा हात जड. कुठे जास्त घासतो, कुठे कडा तशीच ठेवतो. फळीवरच्या बहुतेक माहेरवाशिणी त्याच्या, त्यामुळे ती फळी एकदाची त्याच्या नावावर करून टाका, असं मी मालकांना दोनदा सुचवलं होतं. तो नुसते दात काढायचा. त्याने हसण्यावारी नेलं की मी आणखी दोन शब्द ऐकवायचे.

माझ्या टेबलावर मी एक कार्ड लावलं आहे: ‘प्रत्येक तोंड देवाने घडवलं आहे.’ मालकांनी ते पहिल्या दिवशीच वाचलं आणि म्हणाले, “मग दातांचं काम अर्धवट टाकून आपल्याकडे कशाला पाठवतो?” मी म्हटलं, “तुम्ही रिकामे बसू नये म्हणून.” तेव्हापासून त्यांनी कार्डाचं नाव काढलं नाही.

आमच्यात चर्चला जाणारी मी एकटी. कुणाच्या मागे लागून त्याला प्रार्थनेला न्यायचं, हा माझा स्वभाव नाही. माझं काम हीच माझी साक्ष, असं मी धरून चालले होते. कवळी अशी झाली पाहिजे, की बघणाऱ्याला वाटावं, हिचा प्रभू हिच्याकडून काम चोख करून घेतो. विचार वाईट नव्हता. फक्त त्यात प्रभूपेक्षा माझंच कौतुक जास्त होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, वाचनमावशी म्हणून एक बाई आहेत. वय एक्याऐंशी. रविवारच्या उपासनेतलं शास्त्रवाचन त्या करायच्या, तेही मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून. त्यांचं खरं नाव चर्चच्या पाळकांच्या वहीत असेल, बाकी कुणाच्या लक्षात नाही. आवाज मोठा नव्हता. पण त्या वाचायला लागल्या की खोकणारेसुद्धा थांबायचे. लांबच्या नातेवाइकाचं पत्र आलंय आणि त्या ते घरातल्यांना वाचून दाखवतायत, असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांचे उरलेसुरले दात गेले. माप माझ्याकडेच आलं. आपल्या मंडळीतली बाई म्हणून कवळी बसवायच्या दिवशी मी मुद्दाम दवाखान्यात गेले. कवळी बसली की आम्ही पेशंटला एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना जीभ, दात आणि टाळू या तिघांची परीक्षा होते. कवळी चुकली असेल तर तिथे शीळ वाजते. मावशींनी डोळे मिटून हळूहळू मोजलं. शीळ वाजली नाही.

“कुठे टोचतंय का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नवी चप्पलसुद्धा टोचते, डॉक्टर. ही तर तोंडात घालायची आहे,” मावशी म्हणाल्या. आम्ही हसलो.

आठ दिवसांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर पायऱ्या उतरताना मी मावशींचा हात धरला होता. गप्प बसावं ना? पण नाही. म्हटलं, “मावशी, एकोणीस वर्षांत माझी एकही कवळी परत आलेली नाही. तुमची तर येणारच नाही.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

त्याच रविवारी पाळकांनी विचारलं, की आपण कामाच्या ठिकाणी प्रभूची साक्ष कशी जगतो याबद्दल कुणी बोलेल का. मी उठले. अकरा मिनिटं बोलले. नवऱ्याने घड्याळ लावलं होतं. एकोणीस वर्षं सांगितली, कार्ड सांगितलं, मालकांना दिलेलं उत्तर सांगितलं, आणि शेवटी पहिल्या बाकाकडे हात करून म्हटलं, “खोटं वाटत असेल तर आपल्या वाचनमावशींना विचारा!” सगळ्या माना तिकडे वळल्या. मावशींनी सगळे दात दाखवून हसून मान डोलावली. मागून कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं. मी खाली बसले तेव्हा जमिनीला पाय लागत नव्हते.

दोनच दिवसांनी मावशींनी दवाखान्यात फोन करून कळवलं, की सगळं ठीक आहे, उगाच खेप कशाला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाळकांना सांगितलं, की आता वाचन तरुण माणसाने करावं. आणि माझं नाव सुचवलं. मी सत्तेचाळीस वर्षांची. या वयात कुणी तरुण म्हणावं आणि वर मंडळीसमोर उभं करावं. मला आकाश ठेंगणं झालं. घरी मी आरशासमोर वाचायला लागले. नवरा म्हणाला, “भांडतानाचा आवाज आणि वाचतानाचा आवाज जरा वेगळा ठेव.”

असे चार महिने गेले. मग एका रविवारसाठी असा उतारा आला, ज्यात जुन्या लोकांची तीस-बत्तीस नावं ओळीने होती. प्रत्येक नावाला जीभ अडखळावी अशी. शनिवारी आमचं काम दुपारीच संपतं. मनात म्हटलं, मावशींकडून दहा मिनिटांत म्हणून घेऊ. न कळवताच त्यांच्या घरी गेले.

दार काकांनी उघडलं. काका म्हणजे मावशींचे यजमान. त्यांची नजर सहा वर्षांपूर्वी गेली, पण पावलांवरून माणूस ओळखतात. “कवळीवाली ना? ये, ये. जेवतोच आहोत.”

मावशी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर वाडग्यात दुधात भिजवलेला पाव होता. गाल आत गेलेले. खिडकीच्या कट्ट्यावर एका कपात पाणी, त्यावर बशी झाकलेली, आणि बशीच्या फटीतून मी लावलेले दात दिसत होते. आपले दात मी कुठेही ओळखते. मावशींनी पटकन तोंडावर हात धरला.

“मावशी, कवळी?”

“आत्ताच काढली. धुवायला,” त्या हाताआडून म्हणाल्या.

“धुवायला कसली!” काका चाचपडत खुर्चीवर बसले. “ती रविवारची आहे. चर्चच्या पायरीवर घालते. घरी आली की आधी ती काढते, मग चपला.”

“अहो!”

“अहो काय अहो? हत्तीसारखे दाखवायचे दात वेगळे झालेत हिचे. आणि मार मला बसतोय. रोज सकाळी मला एक पान वाचून दाखवायची. माझ्या डोळ्यांच्या जागी तेवढंच होतं. आता काय वाचते ते तिचं तिला ठाऊक. जुनं पाठ आहे म्हणून निभावतंय. परवा नवीन पान काढलं, तर शेवटपर्यंत मला कळेना, राजा मेला की राजा आला!”

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. मी हात धुतले. मावशींना खिडकीपाशी बसवलं, मोबाइलचा दिवा लावला आणि म्हटलं, “आ करा.” त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही.

टाळूच्या मधोमध अर्ध्या वाटाण्याएवढा उंचवटा होता, आणि त्यावर लालबुंद जखम. मी कडेला बोट लावलं तर मावशींचे खांदे वर गेले. उंचवटा दगडासारखा कठीण होता. हाड होतं ते. जन्मापासूनचं.

आणि मला तो दिवस आठवला. मापात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर प्लास्टरचा मणी उठतो. तो सुरीच्या टोकाने उडवायचा असतो. आमच्यासाठी ते रोजचंच. मावशींच्या साच्यावर टाळूच्या मध्यभागी तसाच एक उंचवटा दिसला होता. खरा मणी टिचकीसरशी उडतो, हा उडेना. मी चिडले आणि सुरी आडवी धरून खरवडून काढला. बोटाने चाचपून बघितलं, साचा कसा गुळगुळीत झाला होता. त्या गुळगुळीत साच्यावर केलेली कवळी चार महिने त्या हाडावर घासत होती. सुरुवातीला थोडी, मग हिरड्या दबत गेल्या तशी जास्त.

“मावशी, बोलला का नाहीत?”

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. “बोलणारच होते गं. म्हटलं, आठ दिवस बघू. मग रविवार आला आणि तू उभी राहिलीस. किती आनंदाने बोलत होतीस! एकोणीस वर्षांत एकही परत नाही म्हणालीस.” दातांशिवाय त्यांचे शब्द ओले होऊन येत होते, मला कान देऊन ऐकावं लागत होतं. “मग पहिली मी कशी होऊ?”

“आणि वाचन? ते का सोडलंत?”

“दुखत असताना वाचलं की सगळं लक्ष जखमेवर जातं. शब्दांवर राहत नाही. तसं वाचू नये.”

ज्या जागेवर मी चार महिने मिरवत होते, ती जागा माझ्याच चुकीने रिकामी झाली होती. आणि जिची होती तिने स्वतःच ती माझ्या हातात दिली होती. मी कशीबशी म्हणाले, “कवळी मी नेते.”

“ने. पण चूक तुझीच असेल कशावरून?” मावशी म्हणाल्या. “माझंच तोंड म्हातारं झालंय.”

मी त्यावर हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. कवळी डबीत घालून निघाले. नावं म्हणून घ्यायची राहूनच गेली. त्या संध्याकाळी मी घरात कुणावरच ओरडले नाही, तेव्हा नवऱ्याने थर्मामीटर शोधून आणलं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मी उभी राहिले आणि ती तीस-बत्तीस नावं वाचली. सात ठिकाणी अडखळले. मावशी पहिल्या बाकावर तोंड मिटून बसल्या होत्या, आणि प्रत्येक नाव नीट आलं की मान हलवत होत्या. त्यांची कवळी माझ्या पर्समध्ये होती. कुणाला साक्ष द्यायची आहे का, असं पाळकांनी विचारलं तेव्हा मी खाली मान घालून पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. रुमाल हातातच होता.

मनात काय चाललं होतं ते सांगते, लपवून काय करू? झाकली मूठ सव्वा लाखाची. सोमवारी लवकर जायचं, गुपचूप नवी कवळी करायची, मावशींना द्यायची. त्या कुणाला सांगणार नाहीत. त्यांनी चार महिने सांगितलं नव्हतं.

सोमवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी जुन्या चिठ्ठ्यांचा खोका काढला. प्रत्येक मापाबरोबर डॉक्टर एक चिठ्ठी पाठवतात. मावशींची सापडली. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ‘टाळूच्या मधोमध हाडाचा छोटा उंचवटा आहे. साचा खरवडू नये. तिथे जागा सोडावी.’ मी ती चिठ्ठी कधी उघडलीच नव्हती. घडी जशी आली तशी खोक्यात गेली होती. चिठ्ठ्या नवशिक्यांनी वाचाव्यात, माझ्या हाताला सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. आणि मी दर रविवारी लोकांसमोर उभी राहून वाचत होते!

शिवाय गुपचूप करणं जमण्यासारखंच नव्हतं. कवळी शिजली की ती काढताना साचा फोडावा लागतो. जुना साचा केव्हाच फुटून कचऱ्यात गेला होता. नवं माप हवं, म्हणजे डॉक्टरांना सांगणं आलं. तोवर मालक आले, पॉलिशवाला आला. मालकांनी सवयीने फळीकडे बघून विचारलं, “कोण आलंय माहेरी?” मी त्या दोघांसमोरच फोन लावला. बाहेर जाऊन लावला असता तर मी काय बोलले असते, याची मला खात्री नव्हती.

“डॉक्टर, त्या एक्याऐंशी वर्षांच्या आजी, त्यांना कवळी टोचते आहे. जखम झाली आहे.”

“अरेरे. चार महिने झाले ना?” डॉक्टर म्हणाल्या. “हिरड्या बसल्या असतील. या वयात होतं तसं. मी त्यांच्या कार्डावर तसं लिहिते आणि नवं माप घेते. ठीक?”

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. एकोणीस वर्षं शाबूत राहिली असती, माझ्यापुरती फळी कोरी राहिली असती. ‘प्रभू, एवढं एक हो म्हणू दे, पुढे आयुष्यभर खरं बोलेन.’ असली प्रार्थना मी त्या क्षणी खरोखर केली. पण कानात मावशींचं ते ओलं वाक्य बसलं होतं. पहिली मी कशी होऊ? म्हणजे एक म्हातारी बाई माझ्या फुशारकीसाठी चार महिने दूध-पाव खात राहिली होती, आणि मी अजून दोष तिच्याच हिरड्यांवर ढकलायला निघाले होते.

“नाही, डॉक्टर,” मी म्हटलं. “हिरड्यांचं नाही. तुम्ही चिठ्ठीत उंचवट्याबद्दल लिहिलं होतं. मी चिठ्ठी वाचली नाही. उंचवटा बुडबुडा समजून खरवडला. चूक माझी आहे, पूर्ण माझी.”

मग डॉक्टर म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी हिरड्यांवर उपचार करत बसले असते. आणि मीही त्या दिवशी नुसतं विचारलं, बोटाने दाबून बघितलं नाही. त्यांना बुधवारी घेऊन या.”

मी फोन ठेवला. पॉलिशवाल्याचं चाक थांबलं होतं. मालक उठले, माझ्या हातातली डबी घेतली, कवळी काढून चष्म्यातून उलटसुलट बघितली आणि फळीवर मधोमध ठेवली. “या बाई, या,” ते कवळीला म्हणाले. “एकोणीस वर्षं वाट बघितली तुमची.”

मी पॉलिशवाल्याकडे बघितलं. आज त्याचा दिवस होता. फळीवरून मी त्याला जे जे बोलले होते, त्याची सव्याज परतफेड करायची पूर्ण मुभा होती. पण तो हसला नाही. उठून गेला आणि चहा घेऊन आला. माझा कप माझ्यासमोर ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मालक बाहेर गेले तेव्हा तो म्हणाला, “ताई, एक बोलू? रागावणार नाही ना?”

“आज मला तो अधिकार नाही. बोल.”

“तुमच्या देवाला चूक अजिबात खपत नाही, असंच वाटायचं मला. तुम्हाला बघून. म्हणून कधी विचारलं नाही.”

“काय विचारायचं होतं?”

तो बोटावरची पॉलिशची पूड पुसत राहिला. “आई गेली ना माझी, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा विचारावंसं वाटलं होतं, की माणूस गेल्यावर तुम्ही लोक काय म्हणता. तुम्ही प्रार्थना वगैरे करता म्हणून. कामावर आलो त्या दिवशी विचारणार होतो.”

मला तो दिवस आठवत होता. त्या सकाळी त्याच्या दोन माहेरवाशिणी आल्या होत्या. तो दारात उभा असतानाच मी त्याला म्हटलं होतं, “आलास? बघ, तुझ्या लेकी वाट बघतायत.” त्याची आई गेली आहे हे मला माहीत होतं. तरी म्हटलं होतं.

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. आधी त्याची माफी मागितली. मग आम्ही काय म्हणतो ते मला येत होतं तेवढं सांगितलं. अकरा मिनिटं नाही लागली, दोनच लागली असतील. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “आईला आवडलं असतं हे.” एकोणीस वर्षांत मी त्या खोलीत दिलेली ती पहिली साक्ष असावी, आणि त्यात माझ्या कामाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

बुधवारी नवं माप आलं. बरोबर चिठ्ठी होती. ती मी उभी राहून मोठ्याने वाचली, तीनदा. मालक म्हणाले, “पाठ करायची आहे का?” साचा केला, उंचवट्याला सुरी लावली नाही, उलट त्यावर पातळ पत्रा बसवून जागा सोडली. दात लावायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण हाताला सगळं कळतं यावरचा माझा विश्वास उडाला होता. पॉलिशवाला दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतही चाकाशी बसला. जड हाताचा माणूस, पण टाळूकडची बाजू त्याने चाकावर धरलीच नाही, मऊ कापडाने हाताने घासली. मी बोट फिरवून बघितलं. एवढं चांगलं काम त्याने आधीही कधी केलं असेल, तर मी ते बघितलं नव्हतं.

तोवर मावशींची जखम भरली होती. कवळी बसवायला त्या काकांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी या वेळी सगळीकडे बोटाने दाबून बघितलं. मग मी म्हटलं, “मावशी, एकसष्टपासून. आणि दुखलं तर या वेळी आधी मला सांगायचं, मग देवाला.”

“एकसष्ट,” मावशी म्हणाल्या. “बासष्ट. त्रेसष्ट.” काकांनी खुर्चीत मान वर केली. सत्तर आलं, तरी मावशी थांबेनात. एकाहत्तर, बाहत्तर, पंचाहत्तर. डॉक्टर हसायला लागल्या.

“मावशी, सत्तरला थांबायचं असतं.”

“थांबवत नाही गं,” त्या म्हणाल्या आणि थेट एक्याऐंशीपर्यंत गेल्या. आपल्या वयापर्यंत. तिथे थांबून म्हणाल्या, “प्रभूचे उपकार.” मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले होते. उपकार मीही मोजत होते.

रविवारी वाचनाची वेळ झाली तेव्हा मी पुढे गेले. पाळकांना आधीच सांगितलं होतं. मी मंडळीसमोर म्हटलं, की याच जागेवरून मी माझ्या कामाचं कौतुक केलं होतं, ते चुकीचं होतं. मावशींची कवळी माझ्या हातून बिघडली. ती त्यांनी माझ्या अब्रूसाठी चार महिने सोसली, आणि म्हणून त्यांचं वाचन थांबलं. ते आज त्यांना परत देते, आणि त्यांनी माझी चूक पदरात घेतली त्याबद्दल सगळ्यांसमोर आभार मानते. नवरा नंतर म्हणाला, एक मिनिटसुद्धा झालं नाही. बोलता बोलता माझं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. इस्त्रीचा शर्ट घालून पॉलिशवाला बसला होता. दारात मला म्हणाला होता, “माझं पॉलिश कसं बोलतं ते बघायला आलोय फक्त.”

मावशी माझ्या हाताला धरून वर चढल्या. पुस्तक उघडलं. चष्मा नीट केला. माईकपाशी तोंड नेऊन हळूच ‘एकसष्ट, बासष्ट’ म्हणाल्या, ते सगळ्या सभागृहात ऐकू गेलं आणि लोक हसले. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि खोकणारे थांबले.

पान कोणतं निवडायचं ते पाळकांनी त्यांच्यावर सोडलं होतं. गाढवाच्या शिंगरावर बसून गावाच्या वेशीतून येणाऱ्या एका राजाबद्दलचं पान होतं ते. आवाज पूर्वीसारखाच, फार मोठा नाही. प्रत्येक शब्द सुटा. मी पायरीशीच उभी राहिले, जागेवर जावंसं वाटेना. मावशींनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं. पाळक ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून काकांचा खणखणीत आवाज आला, “अच्छा! राजा आला होय!”

सगळे हसले. मावशी हसल्या, सगळे दात दाखवून, आणि या वेळी त्या दातांना लपवायला काही नव्हतं. मी हसत होते आणि रडत होते.

ती जुनी कवळी अजून आमच्या फळीवर आहे. मालक टाकून देत होते, मी टाकू दिली नाही. मावशींनी सोसलं त्या दुखण्याबद्दल देवाचे आभार मानणं मला जमत नाही. पण त्या शनिवारी न कळवता त्यांच्या दारात गेले, याबद्दल रोज सकाळी मानते. तेव्हापासून मी एक नेम केला आहे. नवं माप आलं की प्लास्टरला हात लावण्याआधी त्याची चिठ्ठी उभी राहून मोठ्याने वाचते, मावशी वाचतात तशी, प्रत्येक शब्द सुटा. वाचून झाली की पॉलिशवाला चाक थांबवून तिकडून म्हणतो, “आमेन.” चेष्टेने म्हणतो की मनापासून, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.